संख्येतील माणूस : पहिल्या महायुद्धातील मराठी शिपायांच्या सेवानोंदींची चिकित्सा
(जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :

आपल्या घराण्यातील पणजोबा किंवा खापरपणजोबा 'मोठ्या लढाईत' गेले होते, अशी आठवण पश्चिम महाराष्ट्रातील अनेक कुटुंबांत सांगितली जाते. अलीकडच्या वीस-पंचवीस वर्षांत जगभरातील अभिलेखागारांच्या सूची संगणकावर उपलब्ध होऊ लागल्या आणि या आठवणीला कागदाचा आधार मिळेल, अशी अपेक्षा निर्माण झाली. प्रत्यक्षात शोध घेणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या हाती फारसे काही लागत नाही. मग नोंद सापडत नाही म्हणजे आठवण खोटी, किंवा नोंद मुद्दाम नष्ट केली गेली, अशा दोन टोकांच्या निष्कर्षांवर लोक येतात.

हे दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत, असे प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे. वसाहतकालीन सैन्याची सेवानोंद ही शिपायाच्या चरित्रासाठी लिहिली गेली नव्हती. पगार, निवृत्तिवेतन, पदक आणि वारसाचे देणे यांच्या हिशेबासाठी ती लिहिली गेली होती. ज्याचे देणे उरले त्याचे नाव टिकले आणि देणे संपले की बहुधा नावही संपले. हे सूत्र लक्षात घेतले तर नोंदींचे असणे आणि नसणे या दोहोंचा अर्थ लावता येतो. त्या दृष्टीने जुन्नर व आंबेगाव या दोन तालुक्यांतील संशोधक ज्या साधनांपर्यंत पोहोचू शकतो, त्या साधनांची येथे चिकित्सा केली आहे.

१. नावाचा खांब आणि संख्येची शिळा :

पुणे जिल्ह्यात युद्धस्मारकांचे दोन नमुने पाहावयास मिळतात आणि त्यांच्यातील फरक बोलका आहे. पहिला नमुना भीमा कोरेगावचा. १ जानेवारी १८१८ रोजी झालेल्या लढाईच्या स्मरणार्थ ईस्ट इंडिया कंपनीने तेथे विजयस्तंभ उभारला. त्याची कोनशिला १८२१ मध्ये बसविण्यात आली. या स्तंभावर लढाईत पडलेल्या शिपायांची नावे कोरलेली आहेत. त्या ४९ नावांपैकी २२ नावांच्या शेवटी 'नाक' हा प्रत्यय असून त्यावरून ते शिपाई महार समाजाचे होते हे ओळखता येते.

दुसरा नमुना शंभर वर्षांनंतरचा आहे. पहिले महायुद्ध संपल्यावर सरकारने मोठ्या प्रमाणावर सैनिक पुरविणाऱ्या गावांत दगडी पाट्या बसविल्या. त्यांवरील मजकूर जवळजवळ एकाच साच्याचा आहे. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतके लोक गेले आणि त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढेच त्यावर लिहिलेले असते. सातारा जिल्ह्यातील आपशिंगे या गावाने त्या युद्धात ४६ माणसे गमावली. आज ते गाव 'आपशिंगे मिलिटरी' याच नावाने ओळखले जाते. गावाला कीर्ती मिळाली ती संख्येमुळे. त्या ४६ जणांची नावे सामान्य मराठी वाचकाला ठाऊक नाहीत.

शंभर वर्षांत राज्यकर्त्यांची सत्ता वाढली, कागद वाढले, कारकून वाढले, छापखाने आले. तरीही दगडावरचे नाव जाऊन तेथे आकडा आला. याचे कारण केवळ मृतांची संख्या वाढली हे नव्हे. कोरेगावचा स्तंभ हा कंपनीने आपल्या विजयाची साक्ष म्हणून उभा केला होता आणि त्या साक्षीसाठी साक्षीदारांची नावे हवी होती. १९१९ ची पाटी गावाला उद्देशून होती. तिचा हेतू गावाच्या राजनिष्ठेची पावती देण्याचा होता. पावतीवर रक्कम लिहितात, त्याप्रमाणे पाटीवर माणसांची संख्या लिहिली गेली.

नावाचे सामर्थ्य किती असते हे कोरेगावच्या स्तंभानेच पुढे दाखवून दिले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची सैन्यभरती थांबविण्यात आली. तेव्हा शिवराम जानबा कांबळे यांच्या पुढाकाराने १९१० मध्ये दख्खनच्या महारांच्या वतीने सरकारकडे अर्ज करण्यात आला. सैन्यात व पोलिसांत पुन्हा प्रवेश मिळावा, या मागणीसाठी पूर्वजांनी बजावलेल्या लष्करी सेवेचा आधार त्यात घेतला होता. पुढे १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी कोरेगावच्या स्तंभाला भेट दिली. पूर्वजाच्या सेवेचा माग काढणे हा आपल्या जिल्ह्यात घरगुती कुतूहलाचा विषय कधीच नव्हता. तो माणूस म्हणून मिळावयाच्या हक्काचा पुरावा होता. दगडावर नावे नसती, तर हा पुरावा इतक्या ठामपणे मांडता आला नसता.

२. बसरा : नोंदवहीत नाव, दगडावर आकडा :

मराठी शिपायांच्या दृष्टीने पहिल्या महायुद्धाचे मुख्य रणक्षेत्र मेसोपोटेमिया, म्हणजे आजचा इराक हे होते. १९१४ च्या उत्तरार्धात तेथे गेलेल्या सहाव्या, म्हणजेच पूना डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. खडकीस मुख्यालय असलेल्या बॉम्बे सॅपर्स अँड मायनर्सच्या तुकड्याही त्यांच्यासोबत होत्या. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत कूट-अल-अमारा येथे हे सैन्य वेढ्यात अडकले आणि अखेर सुमारे १३,००० माणसे तुर्कांच्या कैदेत गेली. कैदेतील भारतीयांपैकी पुष्कळांना रास-अल-ऐन येथे रेल्वेच्या कामावर जुंपण्यात आले.

या आघाडीवर मेलेल्या आणि कबर नसलेल्या ४०,००० हून अधिक सैनिकांचे स्मारक बसरा येथे आहे. इंपीरियल वॉर ग्रेव्हज कमिशनची स्थापना २१ मे १९१७ रोजी झाली. हुद्दा, वंश, धर्म असा भेद न करता प्रत्येक मृताचे सारखेच स्मरण करावे, हे या आयोगाचे घोषित तत्त्व होते. बसरा येथे मात्र ब्रिटिश सैनिकांची आणि भारतीय अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली, तर साध्या भारतीय शिपायांची पलटणवार केवळ संख्या दिली गेली. त्यांची नावे छापील नोंदवहीत राहिली.

या विषमतेची अधिकृत कबुली मिळण्यास २०२१ साल उजाडावे लागले. आयोगानेच नेमलेल्या विशेष समितीच्या त्या वर्षीच्या अहवालानुसार ४५,००० ते ५४,००० मृतांचे स्मरण असमान पद्धतीने झाले. त्यांत भारतीय, आफ्रिकी आणि इजिप्ती सैनिकांचा भरणा मोठा आहे. याशिवाय किमान १,१६,००० आणि कदाचित ३,५०,००० पर्यंत मृतांची नावे कोठेच नोंदली गेली नाहीत, किंवा त्यांचे स्मरणच झाले नाही. आयोगाने याबद्दल क्षमा मागितली आणि वगळलेली नावे शोधण्याचे काम हाती घेतले.

येथे चिकित्सेचा एक महत्त्वाचा मुद्दा उपस्थित होतो. बसऱ्याच्या बाबतीत नाव दगडावर नाही, पण नोंदवहीत आहे. त्यामुळे आयोगाच्या सूचीत शोध घेणाऱ्या जुन्नरच्या कुटुंबाला नाव सापडण्याची शक्यता आहे. पुष्कळ नोंदींत शिपायाचा क्रमांक, हुद्दा, पलटण आणि मृत्यूची तारीख यांच्यासोबत वडिलांचे नाव, गाव, तालुका व जिल्हाही दिलेला असतो. परंतु ही सूची मृतांची आहे. जो शिपाई जिवंत परतला, तो तिच्यात असणारच नाही. आपले पणजोबा परत आले, शेती केली आणि म्हातारपणी वारले, असे ज्या घरात सांगितले जाते त्या घराने या सूचीत नाव न सापडल्याने खिन्न होण्याचे कारण नाही. ते नाव तेथे नसणे हाच त्यांच्या परतण्याशी जुळणारा भाग आहे.

३. परतलेल्यांची नोंद आणि पदकाची कड :

परतलेल्या शिपायाचा शोध अधिक अवघड आहे. ब्रिटनमधील सामान्य सैनिकांच्या पहिल्या महायुद्धातील सेवापत्रिका लंडन येथे ठेवल्या होत्या आणि सप्टेंबर १९४० मधील बाँबहल्ल्यात त्यांपैकी बहुसंख्य जळाल्या. भारतीय शिपायांचे कागद त्या आगीत गेले, असा समज आपल्याकडे कधीकधी ऐकू येतो. तो निराधार आहे. भारतीय शिपायाची सेवापत्रिका लंडनला पाठविण्याची पद्धतच नव्हती. ती पलटणीच्या दप्तरात राहत असे. लंडनमध्ये गेलेल्या कागदांत अधिकाऱ्यांच्या पत्रिका, धोरणविषयक पत्रव्यवहार आणि पलटणींच्या युद्धदैनंदिनी आहेत. या दैनंदिनींत अधिकारी जखमी झाला तर त्याचे नाव येते. शिपाई पडले तर बहुधा त्यांची संख्या येते. गावातील पाटीचा साचा येथेही आढळतो.

या परिस्थितीत शिपायाच्या नावाचा सर्वांत विश्वसनीय लेख घरातच असण्याची शक्यता असते. तो म्हणजे पदकाची कड. महायुद्धानंतर दिलेल्या ब्रिटिश वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडल यांच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. १९१४-१५ च्या ताऱ्यावर हीच माहिती मागील बाजूस असते. तिचे वाचन मात्र काळजीपूर्वक करावे लागते. त्या काळी शिपायाचा क्रमांक हा पलटणीपुरता असे. त्यामुळे पलटण ठाऊक नसेल तर केवळ क्रमांकावरून काहीच सिद्ध होत नाही. नाव रोमन लिपीत आणि इंग्रज कारकुनाच्या कानाला जसे ऐकू आले तसे लिहिलेले असते. पवार, पोवार, पोआर ही एकाच आडनावाची रूपे असू शकतात. आडनाव गाळून केवळ स्वतःचे आणि वडिलांचे नाव लिहिल्याचीही शक्यता लक्षात ठेवावी लागते.

पदकाचा धातूही बोलतो. ब्रिटिश वॉर मेडल लढणाऱ्या सैनिकाला चांदीचे आणि सैन्यासोबतच्या कामगाराला काशाचे दिले गेले. हमाल, भिस्ती, खेचरवाले, स्वयंपाकी, झाडूवाले अशा हजारो माणसांवाचून मेसोपोटेमियातील एकही मोर्चा पुढे सरकला नसता. महायुद्धात १९१९ च्या अखेरपर्यंत हिंदुस्थानातून भरती झालेल्या सुमारे १४ लाख ४० हजार माणसांपैकी ५ लाख ६३ हजारांहून अधिक माणसे या बिनलढाऊ वर्गातील होती. राधिका सिंघा यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या वर्गाचा विस्ताराने अभ्यास केला आहे. काशाचे पदक घरात असेल तर पणजोबा बंदूक घेऊन लढले नाहीत, असे अनुमान काढणे भाग आहे. पण त्यामुळे त्यांचा वाटा कमी ठरत नाही. कौटुंबिक अभिमान जपण्यासाठी अशा पदकाकडे दुर्लक्ष करणे म्हणजे त्या काळच्या सरकारने केलेली प्रतवारी आपणही मान्य करणे होय. चांदीचे पदक अडचणीच्या वर्षी मोडीत निघू शकते. काशाच्या पदकाला बाजारात किंमत नव्हती, म्हणून ते माळ्यावरच्या पेटीत टिकून राहण्याची शक्यता उलट अधिक आहे.

४. बदललेली नावे : पलटण आणि तालुका :

नोंद असूनही न सापडण्याची दोन कारणे या परिसराच्या संदर्भात विशेष महत्त्वाची आहेत. पहिले कारण पलटणींच्या क्रमांकांतील बदल हे होय. १९२२ मध्ये भारतीय सैन्याची पुनर्रचना झाली आणि जुने क्रमांक रद्द झाले. १०३, १०५, ११०, ११६ व ११७ या पलटणी ५ व्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या अनुक्रमे पहिल्या ते पाचव्या बटालियन झाल्या. ११४ वी पलटण तिची दहावी, म्हणजे प्रशिक्षण बटालियन झाली. रेजिमेंटचे केंद्र बेळगाव येथे स्थिरावले. १९१६ मध्ये ११७ व्या पलटणीत असलेला शिपाई १९२२ नंतर निवृत्त झाला असेल, तर त्याच्या पदकावर एक नाव आणि निवृत्तीच्या दाखल्यावर दुसरे नाव असणार. हे दोन कागद पाहून दोन वेगवेगळी माणसे मानण्याचा धोका येथे आहे.

दुसरे कारण आंबेगावशी थेट निगडित आहे. आज आंबेगाव हा स्वतंत्र तालुका असून त्याचे मुख्यालय घोडेगाव येथे आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात मात्र आंबेगाव हा खेड तालुक्याचा पेठा होता. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातील इंपीरियल गॅझेटियरमध्ये खेड तालुक्याचे वर्णन आंबेगाव पेठ्यासह दिलेले आहे. त्यामुळे मंचर, घोडेगाव किंवा भीमाशंकरच्या डोंगरातील शिपायाचा तालुका नोंदीत 'खेड' असा असू शकतो. त्यात आणखी एक गुंता आहे. रत्नागिरी जिल्ह्यातही खेड तालुका आहे आणि कोकणातील हे तालुके मराठा पलटणींच्या भरतीचे जुने क्षेत्र होते. जिल्ह्याचे नाव न पाहता केवळ 'खेड' पाहून निष्कर्ष काढला, तर आंबेगावचा माणूस कोकणात आणि कोकणातील माणूस आंबेगावात जाऊन बसेल.

गावांच्या नावांचीही हीच गत. एकट्या जुन्नर तालुक्यात वडगाव आनंद, वडगाव कांदळी, वडगाव साहनी अशी वडगावे आहेत. आंबेगावात वडगाव काशिंबेग आणि वडगाव पीर आहेत. महाळुंगे, पिंपळगाव, निमगाव यांबाबतही असेच म्हणता येईल. स्थानिक माणूस गावाचे पूर्ण नाव सांगतो. पलटणीचा कारकून त्यातील पहिला शब्द लिहून मोकळा होतो. त्यामुळे नोंदीतील 'वडगाव' हे कोणते, याचा निर्णय लंडनमध्ये किंवा दिल्लीत बसून करता येत नाही. त्यासाठी आडनावे आणि गाव यांचा मेळ ठाऊक असलेला स्थानिक अभ्यासकच लागतो. या संशोधनात तालुक्यातील महाविद्यालयाचे स्थान कोणत्याही मोठ्या अभिलेखागारापेक्षा कमी नाही, ते याच कारणाने.

५. विसर्जित पलटणींचे वारस :

शोध घेणाऱ्या सर्वांसमोर एकसारखाच रस्ता असतो, असे नाही. मराठा पलटणीतील शिपायाच्या वंशजाला आजही विचारणा करण्यासाठी एक ठिकाण आहे. मराठा लाइट इन्फंट्री अस्तित्वात आहे, तिचे केंद्र बेळगावात आहे, तिचा लिखित इतिहास आणि परंपरा आहे. बॉम्बे सॅपर्सचे केंद्र तर पुण्याजवळ खडकी येथेच आहे. जुन्नर व आंबेगावच्या सर्व समाजांना हे भाग्य लाभलेले नाही.

या दोन तालुक्यांच्या पश्चिमेकडील डोंगराळ पट्ट्यात महादेव कोळी समाजाची मोठी वस्ती आहे. १८५७ च्या उठावाच्या वेळी सरकारला डोंगर जाणणाऱ्या माणसांची गरज भासली. तेव्हा नटॉल या अधिकाऱ्याच्या हाताखाली कोळ्यांची स्वतंत्र पलटण उभारण्यात आली. गरज संपताच १८६१ मध्ये ती मोडण्यात आली. महारांच्या बाबतीतही तेच घडले. भरतीवरील बंदी महायुद्धाच्या निकडीमुळे शिथिल झाली, १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली आणि युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये ती विसर्जित झाली. आजच्या महार रेजिमेंटची उभारणी १९४१ मधील आहे. ती १११ व्या पलटणीचे सलग पुढचे रूप नव्हे.

पलटण मोडली म्हणजे तिचे दप्तर सांभाळणारे, तिचा वर्धापन दिन साजरा करणारे, तिचा इतिहास लिहवून घेणारे कोणी उरत नाही. देणे फेडून खाते बंद केले जाते. परिणामी ज्या समाजांना सैन्याने गरजेपुरते वापरले, त्यांच्या पूर्वजांच्या नोंदी शोधणे आज सर्वांत कठीण झाले आहे. सेवानोंदींच्या अभावाला अशी सामाजिक उतरंड आहे. 'लढवय्या जमाती'च्या सिद्धान्ताने शंभर वर्षांपूर्वी कोणाला भरती करावयाचे ते ठरविले आणि आज कोणाच्या वंशजाला कागद मिळेल हेही बऱ्याच अंशी तोच सिद्धान्त ठरवितो. नोंद नाही म्हणून सेवा नाही, हा युक्तिवाद या समाजांच्या बाबतीत केवळ चुकीचा नाही, तर अन्यायकारकही आहे.

६. गावदप्तर : दुर्लक्षित साधन :

वरील विवेचनावरून निराश होण्याचे कारण नाही. देण्याघेण्याच्या हिशेबात नाव टिकते, हे सूत्र आपण मांडले. तेच सूत्र गावाला लावले तर एक मोठे साधन हाती येते, ते म्हणजे महसुली दप्तर.

मेसोपोटेमियात मेलेल्या शिपायाचा मृत्यू गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदवहीत, म्हणजे कोतवाल बुकात, सापडण्याची अपेक्षा करता येत नाही. तेथे गावात घडलेले जन्म आणि मृत्यू लिहिले जात. परंतु त्याच्या नावावर जमीन असेल तर ती वारसाच्या नावे करावीच लागे. त्यासाठी फेरफार नोंदविला जाई आणि मयताचे नाव, वारसांची नावे व त्यांचे नाते त्यात येई. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई इलाख्यात हक्कनोंदणी सुरू झाली आणि त्यानंतर अल्पावधीतच महायुद्ध पेटले. त्यामुळे १९१५ ते १९२५ या दहा वर्षांतील फेरफार हे या विषयाच्या दृष्टीने मौल्यवान आहेत. एखाद्या गावात या काळात तरुण खातेदारांच्या वारसनोंदी दिसल्या तर दोन शक्यता तपासाव्या लागतील. पहिली युद्धाची आणि दुसरी १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीची. गावातील कोतवाल बुकाशी ताडून पाहिल्यास दोहोंतील भेद काही प्रमाणात स्पष्ट होऊ शकतो. मृत्यू गावात नोंदला असेल तर साथ किंवा अन्य कारण, मृत्यूची नोंद नसून केवळ वारसनोंद असेल तर माणूस बाहेरगावी मेला, असे प्राथमिक अनुमान बांधता येईल. बाहेरगाव म्हणजे मुंबईची गिरणी की बसऱ्याची छावणी, हे मग इतर साधनांवरून ठरवावे लागेल.

या साधनालाही मर्यादा आहेत. भूमिहीनाचा फेरफार होत नाही. एकत्र कुटुंबात जमीन थोरल्या भावाच्या नावे असेल तर धाकट्या शिपायाचा मृत्यू दप्तरात उमटत नाही. जुने कागद अनेकदा मोडी लिपीत असतात आणि मोडी वाचणारे कमी होत चालले आहेत. तरीही हे दप्तर जुन्नर आणि घोडेगाव येथे, आपल्याच दारात आहे.

पंजाबचे उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. लाहोरच्या संग्रहालयात पडून असलेल्या गाववार नोंदवह्यांवरून पंजाबमधील सुमारे ३,२०,००० सैनिकांची माहिती नोव्हेंबर २०२१ मध्ये संगणकावर खुली करण्यात आली. ब्रिटनमधील पंजाबी वारसा संघटना आणि ग्रिनिच विद्यापीठ यांनी ते काम केले. त्या नोंदवह्यांचे वैशिष्ट्य असे की त्या गाव हे एकक धरून लिहिल्या होत्या. पलटणीकडून गावाकडे न येता गावाकडून पलटणीकडे जाण्याचा मार्ग त्यांनी खुला केला. महाराष्ट्रात ही वाट फेरफार, कोतवाल बुक आणि घरोघरची पदके यांच्या साहाय्याने आपल्याला स्वतः बांधावी लागेल.

७. आठवणीची चिकित्सा :

कागदाची चिकित्सा करणाऱ्याने आठवणीलाही तीच कसोटी लावली पाहिजे. कुटुंबात 'बसरा' हा शब्द टिकला असेल तर तो बंदराचा शब्द आहे. मेसोपोटेमियात गेलेला बहुतेक प्रत्येक माणूस बसऱ्याला उतरला. त्यामुळे 'बसऱ्याला लढले' याचा अर्थ बगदाद, कूट किंवा शरकत येथे लढले असा असू शकतो, अथवा बसऱ्याच्या धक्क्यावर ओझी उतरविली असाही असू शकतो. 'फ्रान्सला गेले' ही आठवणही अशक्य नाही. बॉम्बे सॅपर्सच्या दोन कंपन्या २८ ऑक्टोबर १९१४ रोजी न्यूव्ह शापेल येथे लढल्या आणि त्यांचे मोठे नुकसान झाले. १९२७ मध्ये त्या ठिकाणी उभारलेल्या स्मारकावर ४,७०० हून अधिक भारतीयांची नावे आहेत आणि तेथे साध्या शिपायाचेही नाव कोरलेले आहे. फ्रान्समध्ये मेलेल्याचे नाव दगडावर आले, इराकमध्ये मेलेल्याचे आले नाही. युरोपीय वाचकाच्या नजरेसमोर स्मारक उभारताना आणि आडबाजूच्या वाळवंटात उभारताना एकाच आयोगाने दोन मापे वापरली, असे म्हणावे लागते.

आठवण आणि लेखन यांचे नातेही तपासण्यासारखे आहे. कूटच्या वेढ्यातील आणि कैदेतील अनुभव बंगालीत ग्रंथबद्ध झाले. बंगाल ॲम्ब्युलन्स कोअरमधील शिशिर प्रसाद सर्बाधिकारी यांनी आपल्या रोजनिशीवरून लिहिलेले 'आभि ले बगदाद' १९५७ मध्ये प्रसिद्ध झाले. डॉ. कल्याण मुखर्जी कैदेत मरण पावले, पण त्यांची पत्रे त्यांच्या आजीने ग्रंथरूपात जतन केली. शांतनू दास यांनी २०१८ च्या आपल्या ग्रंथात या बंगाली साधनांचे मर्म उलगडले आहे. त्याच वेढ्यात तीन मराठा पलटणी होत्या. तेथे संख्येने मराठी माणूस बंगाली माणसापेक्षा कितीतरी अधिक होता. परंतु लेखणी ज्याच्या हाती होती त्याचा अनुभव साहित्य झाला आणि ज्याच्या हाती बंदूक किंवा कुदळ होती त्याचा अनुभव पदकाच्या कडेवरील दोन ओळींत मावला. म्हणून ओवी, घरातील बोलणे, म्हातारीच्या तोंडची हकीकत हीच आपली रोजनिशी समजून ती टिपून घेतली पाहिजे. मात्र ती हकीकत केव्हा, कोणी, कोणाकडून ऐकली याची नोंद सोबत असावी. अन्यथा तिसऱ्या पिढीत चित्रपटातील प्रसंगही पणजोबांच्या नावावर जमा होतात.

हे काम लांबणीवर टाकण्याजोगे नाही. घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयात जुने आंबेगाव गाव बुडाले. ज्या गावाच्या नावाने तालुका ओळखला जातो, ते गावच आता पाण्याखाली आहे आणि त्या खोऱ्यातील माणसे विखुरली आहेत. स्थलांतरात घराच्या भिंती मागे राहतात आणि त्यासोबत पेट्या, कागद, पदकेही गहाळ होतात. विखुरलेल्या कुटुंबांकडील आठवणी गोळा करण्यास उपलब्ध असलेला काळ मर्यादित आहे.

निष्कर्ष :

१. वसाहतकालीन सेवानोंद हा देण्याघेण्याचा हिशेब होता. तिच्यातील मौनाचा अर्थ लावताना ती कशासाठी लिहिली गेली, हे प्रथम पाहावे. नोंदीचा अभाव हा सेवेच्या अभावाचा पुरावा मानता येत नाही.

२. राष्ट्रकुल आयोगाची सूची केवळ मृतांसाठी उपयुक्त आहे. परतलेल्या शिपायासाठी पदकाची कड, निवृत्तीचा दाखला आणि पलटणीचे केंद्र ही साधने क्रमाने पाहावीत.

३. आंबेगावच्या शिपायाचा शोध 'खेड, जिल्हा पुणे' या नावाखालीही घ्यावा. १९२२ पूर्वीचे आणि नंतरचे पलटणींचे क्रमांक ताडून पाहावेत.

४. विसर्जित पलटणींतील महार व कोळी शिपाई आणि काशाचे पदक मिळालेले कामगार यांच्याबाबत लष्करी दप्तरापेक्षा गावदप्तर आणि मौखिक साधने यांना अधिक महत्त्व द्यावे लागेल.

५. जुन्नर, आंबेगाव परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास व मराठी विभागांनी मोडी वाचणारे विद्यार्थी तयार करून १९१५ ते १९२५ या काळातील फेरफार, कोतवाल बुके आणि घरोघरची पदके यांची गाववार सूची करणे शक्य आहे. पदव्युत्तर वर्गाच्या प्रकल्पात एका वर्षी चार-पाच गावे पूर्ण होऊ शकतील.

पाटीवरचा आकडा सरकारने लिहिला. त्या आकड्यातील एकेक माणूस वेगळा करून त्याला त्याचे नाव, त्याचे गाव आणि त्याचे काम परत देणे हे सरकारचे काम नव्हते आणि ते त्याने केलेही नाही. ज्यांना ओतूरचा पवार आणि मंचरचा पवार वेगळा ओळखता येतो, त्यांनाच ते करता येईल.